पाण्याखाली रेंज कुठून येते?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात तारकर्लीला जाऊन ओपन वॉटर कोर्स केला. आमच्या इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरच्या घड्याळात त्यांच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दिसत होतं आणि मधे ना नळी, ना वायर. आमच्याकडे दहिवलीत पाऊस लागला की घरातल्या घरात मोबाईलची रेंज जाते. मग पाण्याखाली हे चालतं कसं? माझा दादा दिवाळीला अमेरिकेहून येतोय. त्याला असा डाइव्ह कॉम्प्युटर आणायला सांगू का? आणि सांगायचा तर कोणता?
— एक वाचक, दहिवली, ता. कर्जत

उत्तर : रेंजचं आधी बघू, कारण तिथे मजा आहे.

मोबाईलची, वायफायची किंवा ब्लूटूथची लहर समुद्राच्या पाण्यात शिरली की दोन-चार सेंटिमीटरही नीट जात नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे रेडिओलहरीची ताकद ते गिळून टाकतं, आणि लहरीची कंप्रता जितकी जास्त तितकं हे गिळणं लवकर होतं. उपाय उलट्या दिशेचा आहे : कंप्रता खाली आणायची. मोबाईल अब्जावधी हर्ट्झवर बोलतो, तर सिलिंडरवर बसून मनगटाला दाब कळवणारे बऱ्याच कंपन्यांचे ट्रान्समीटर 38 किलोहर्ट्झच्या आसपास. एवढ्या खालच्या कंप्रतेची लहर समुद्रात साधारण सव्वा मीटर गेल्यावर एकतृतीयांशाच्या थोडी वर उरते. पाठीवरून मनगटापर्यंत पोचायला तेवढं पुरतं. आपलं नौदल पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश पाठवतं ते याच तत्त्वावर. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन नावाचं केंद्र त्यासाठीच आहे. तिथले मनोरे प्रचंड आहेत, तुमच्या पाठीवरचा ट्रान्समीटर अंगठ्याएवढा. भौतिकशास्त्र मात्र एकच.

हा अंगठा सिलिंडरच्या तोंडाशी, ज्या फर्स्ट स्टेजमधून रेग्युलेटरच्या सगळ्या नळ्या फुटतात, तिच्या हाय प्रेशर पोर्टमध्ये पिळून बसवतात. आत दाब मोजणारा सेन्सर आणि एक बॅटरी. दर काही सेकंदांनी तो आपला क्रमांक आणि दाब असा छोटा संदेश सोडतो. कॉम्प्युटरला आधी तोच क्रमांक शिकवून ठेवलेला असतो, म्हणून शेजारच्या डायव्हरचा आकडा तुमच्या मनगटावर येत नाही. गार्मिन कंपनीने वेगळी वाट धरली. त्यांचे ट्रान्समीटर रेडिओ सोडून ध्वनीने, म्हणजे सोनारने बोलतात. ध्वनी पाण्यात लांबवर जातो, त्यामुळे दहाएक मीटरपर्यंत संदेश पोचतो आणि एकाच घड्याळावर बरोबरच्यांच्या टाक्याही दिसतात. इन्स्ट्रक्टर लोकांना याचा मोठा उपयोग. तुम्हाला तूर्त नाही.

आता खरेदी. आधी थोडं गणित करू, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर या यंत्राची गरज कुठे लागते ते कळेल.

आपल्याकडे सर्रास मिळणारं ॲल्युमिनियमचं सिलिंडर सुमारे 11 लिटरचं असतं. 200 बार दाबाने भरलं तर त्यात 2200 लिटर हवा. 50 बार राखीव ठेवायचे हे तुम्हाला कोर्समध्ये घोकून घेतलं असेलच. उरले 1650 लिटर. नवशिका माणूस जमिनीवर मिनिटाला 20 लिटर हवा ओढतो असं धरू. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आठेक मीटरवर दाब 1.8 पट होतो, म्हणजे मिनिटाला 36 लिटर. हवा पुरते पाऊण तास. तिथे नायट्रोजनची मर्यादा, म्हणजे वर येताना थांबे न घेता किती वेळ खाली राहता येतं तो काळ, पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 10 मीटरला 219 मिनिटं आहे. तुमची हवा त्याच्या पाव भागातच संपलेली असते.

अँग्रिया बँकचं नाव तुम्ही ऐकलं असेल. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेलं. त्याचा माथाच मुळी वीस मीटरच्या आसपास खोल आहे. वीस मीटरवर दाब तिप्पट, हवा मिनिटाला 60 लिटर, म्हणजे साडेसत्तावीस मिनिटं. तक्ता म्हणतो 45. तीस मीटरवर मात्र हवाही वीस मिनिटं आणि तक्ताही वीसच. तिथे दोन्ही एकाच वेळी संपतात.

तात्पर्य सरळ आहे. मालवणात, गोव्यातल्या ग्रँड आयलंडला, कर्नाटकातल्या नेत्राणीला, दिवसातल्या पहिल्या डाइव्हमध्ये तुम्हाला आधी अडवते ती हवा. नायट्रोजन डोकं वर काढतो तो खोल गेलात किंवा एकाच दिवशी तिसऱ्यांदा उतरलात तर. म्हणजे हवा मोजणारं यंत्र आपल्याकडे निरुपयोगी नाही, उलट नेमकी तीच गोष्ट ते मोजतं. पण हवा मोजायचं साधन तुमच्याकडे कोर्सच्या दिवशीही होतं : नळीच्या टोकाला लटकणारं काट्याचं गेज. त्याला बॅटरी लागत नाही आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

मग वायरलेस जास्तीचं काय देतं? तुम्ही दर मिनिटाला किती बार खाताय ते बघून तो कॉम्प्युटर सांगतो, या खोलीवर, या दमाने, तुमच्याकडे एवढी मिनिटं आहेत. प्रवाहाविरुद्ध पाय मारायला लागलात की आकडा झरझर खाली येतो. घाबरून दम लागला तरी तसंच. ही शिकवण खरोखर मोलाची. घरी आल्यावर नोंद ब्लूटूथने मोबाईलवर उतरवली की कुठल्या क्षणी दम वाढला तेही आलेखात दिसतं. मात्र हे गणित स्वतः एकदाही न करता थेट घड्याळावर विसंबणारा डायव्हर मला धोक्याचा वाटतो. पुढच्या चार-पाच डाइव्हना साधं गेज बघून दर पाच मिनिटांनी दाब आणि खोली पाटीवर लिहा, आणि वर आल्यावर आपला दर काढा. हा हिशेब एका दुपारचं काम आहे.

त्यामुळे दादांना माझा निरोप असा : कॉम्प्युटर आत्ता आणा, ट्रान्समीटर पुढच्या फेरीत. अट एकच, आज घेतलेल्या कॉम्प्युटरला उद्या ट्रान्समीटर जोडता आला पाहिजे. इथेच बरेच जण फसतात, कारण नावं सारखी असतात. शिअरवॉटरचा साधा पेरेग्रिन ट्रान्समीटर घेत नाही, पेरेग्रिन टीएक्स घेतो. गार्मिनच्या डिसेंट मालिकेत आकड्यामागे इंग्रजी आय असेल तर घेतो, नसेल तर नाही. सुंटोचा झूप नोव्हो घेत नाही, डी फाइव्ह घेतो. आणि एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसरीच्या कॉम्प्युटरशी सहसा बोलत नाही. 38 किलोहर्ट्झवाल्या काही जुन्या-नव्या यंत्रांचं एकमेकांशी जमतं, पण दुकानदाराकडून लेखी खात्री करून घ्या. दोन्ही मिळून खर्च लाखाच्या घरात सहज जातो. वर्षातून एकदा डिसेंबरात दोन डाइव्ह मारणाऱ्याने तो करू नये, तेवढ्या पैशांत अंदमानची सहल होते.

बॅटरीकडे मात्र बारकाईने बघा. ट्रान्समीटरमध्ये बहुधा सीआर टू नाहीतर सीआर 123 जातीची लिथियम बॅटरी असते. ती बाजारपेठेतल्या किराणा दुकानात मिळणार नाही, मुंबईहून दोन जास्तीच्या आणून ठेवा. कॉम्प्युटरची बॅटरी स्वतःला बदलता किंवा चार्ज करता येते ना, की त्यासाठी तो कंपनीकडे पाठवावा लागतो, हे घेण्याआधी विचारा. वॉरंटी भारतात चालते का, हेही. जून ते सप्टेंबर समुद्र बंद असतो आणि तुमच्याकडे तर भिंतींना ओल येते. तेवढे महिने ट्रान्समीटरमधली बॅटरी काढून सगळं गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, हवाबंद डब्यात ठेवा.

एक सूचना होडीवरच्या माणसांसाठी. तुमचा संच ते उचलतील तेव्हा त्यांचा हात हमखास ट्रान्समीटरवर जातो, कारण तो मुठीसारखा बाहेर आलेला असतो आणि धरायला सोयीचा वाटतो. एकदा का सिलिंडरचं वजन त्यावर आलं की आतलं पोर्ट वाकतं नाहीतर अंगठाच तुटतो. पहिल्याच दिवशी, हसून पण ठामपणे, सांगून टाका. काही जण छोटी हाय प्रेशर नळी लावून त्याच्या टोकाला ट्रान्समीटर बसवतात, तेही चांगलं. ज्या मनगटावर कॉम्प्युटर बांधता त्याच बाजूच्या पोर्टमध्ये ट्रान्समीटर असू द्या. आकडा मधेच गायब झाला तर घाबरायचं नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश पेटला की कधी कधी संदेश तुटतो, काही सेकंदांत परत येतो. परत आलाच नाही तर डाइव्ह संपवून वर यायचं. म्हणूनच ट्रान्समीटर आला तरी साधं गेज काढू नका, फर्स्ट स्टेजला बहुधा दोन हाय प्रेशर पोर्ट असतात.

तरणतलावात जोडणी करून बघितली आणि छान चालली, म्हणून समुद्रातही तशीच चालेल असं धरू नका. समुद्राची वाहकता गोड्या पाण्याच्या शेकडो पट असते, तिथे रेडिओची रेंज आखूड होते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या घड्याळावर विमानाचं एक छोटं चिन्ह येतं, त्याबद्दल. ते दिसतंय तोवर विमानात बसायचं नाही. एकच साधी डाइव्ह केली असेल तर 12 तास, लागोपाठ किंवा अनेक दिवस केल्या असतील तर 18 तास थांबायचं, असा सर्वमान्य संकेत आहे. उंच घाटालाही तोच न्याय. मालवणहून आंबोलीमार्गे वर चढलात तर साधारण सातशे मीटरवर पोचता, आणि अंगात नायट्रोजन असताना ते बरं नाही. कुडाळहून कोकण रेल्वेने पनवेल आणि तिथून कर्जत, हा रस्ता सगळा सखल, त्यामुळे घरी यायला हरकत नाही. पण पाहुणे आलेत म्हणून दुसऱ्या सकाळी नेरळहून माथेरानला निघू नका. ते आठशे मीटरवर आहे, एक दिवस उशिरा जा.