भिजलेल्या हळदीविषयी

वर्धा

चि. ताई,

काल हिंगणघाटच्या बाजारात तुमच्या गावचा एक जण भेटला. म्हणाला, परवा रात्रीच्या अवकाळी पावसात ताईचं हळदीचं वाळवण भिजलं, पुन्हा उन्हात घातलंय, आठवडाभरात दळायला जाणार. रात्रभर डोळा लागला नाही. ताडपत्री नव्हती का गं? 2016 साली वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फोनवर किती हरखली होतीस! आता तेच नाव पाकिटावर छापतेस, आणि रात्री वाळवण उघडं?

भिजलेलं हळकुंड वरून सुकतं, आत ओल राहते आणि बुरशी धरते. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवूनही जात नाही, यकृत खातं. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. हळद चिमूटभरच लागते, कबूल. पण ती रोज पोटात जाते, लेकरांच्या दुधातही. आणि एका पोत्याचा नमुना पास झाला म्हणून शेजारचं पोतं चांगलं निघेलच असं नाही. अंतराळवीरांचं जेवण बनवणाऱ्या अमेरिकनांनी 1960 च्या दशकात म्हणूनच ठरवलं, की तयार माल तपासत बसण्यापेक्षा धोका जिथून शिरतो तिथेच तो अडवायचा. तुझ्याकडे तो वाळवणातून शिरतो, ताई.

भिजून हळद फिकी पडली म्हणून कोणी रंग मारून देतो म्हणाला, तर त्याला दारात उभं करू नकोस. असा रंग बहुधा लेड क्रोमेट असतो; त्यात शिसं असतं, ते लेकरांच्या मेंदूला बाधतं.

तुझे आजोबा हळकुंड पुरतं वाळलं का ते पाहायला कानाशी धरून मोडायचे. खणखणीत आवाज आला तरच पोतं शिवायचे. मी तेव्हा नागपूरच्या नोकरीची स्वप्नं पाहत होतो, त्यांच्याजवळ बसलोच नाही. ते गेल्यावर विचारणार कोणाला? ही हुरहूर अजून जात नाही.

फार बोललो, रागावू नकोस. भिजलेली हळद बाजूला काढ, दळू मात्र नकोस. तुझ्या बचत गटातल्या बायांना काय सांगावं याची धास्ती असेल तर मी येऊन सांगतो. तोटा किती झाला ते मोकळेपणानं कळव, मिळून भरू. त्या रात्री एकटीच धावलीस म्हणे, पाय मुरगळला. तेल लावतेस ना? मामीनं तुला खायला गोरसपाक आणून ठेवलाय. रविवारच्या एसटीनं घेऊन येतो, चार दिवस राहीन म्हणतो.

तुझा मामा