चिपरच्या ड्रमला तडा : वेल्डिंग मारावे की नवा ड्रम घ्यावा?



बांधावरची सुबाभूळ, निलगिरी तोडून तिच्या ढलप्या करणारी यंत्रे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरला बगॅसच्या जोडीला अशा ढलप्या जळण म्हणून चालतात, त्यामुळे काही सभासदांनी भागीत चिपर घेतले आहेत. चिपर म्हणजे कडबा कुट्टीचा थोरला भाऊच. पण कुट्टी चारा कापते आणि चिपर मांडीएवढे लाकूड फोडतो. म्हणून त्याच्या ड्रमचे दुखणे अंगावर काढून चालत नाही.

आमच्या माहितीतील चौघा सभासदांच्या चिपरला पात्याच्या खाचेजवळ बारीक तडा गेला. गावात वरून वेल्डिंगचा एक पट्टा मारून घेतला आणि काम पुन्हा सुरू केले. आठवड्याभरात मशीन थरथरू लागले. तेव्हा ड्रम उतरवून टेम्पोत घातला आणि आम्ही सगळे मुंबईला अंधेरीच्या साकीनाक्यावर गेलो. अंधेरी, पवई, विक्रोळी, भांडुप, मुलुंड हा जुना कारखानदारीचा पट्टा. वेल्डिंगच्या कांड्या करणाऱ्या अडवाणी ओर्लिकॉनचा कारखानाही भांडुपलाच होता. मोठे कारखाने पुष्कळ बंद झाले किंवा हलले, पण साकीनाक्याच्या गाळ्यांतून लेथवाले, वेल्डर आणि फिरते भाग तोलून देणारे कारागीर अजून आहेत.

तिथल्या मिस्त्रींनी आधी ग्राइंडरने जुना पट्टा काढला. खालचा तडा बोटभर वाटत होता, तो शाफ्टच्या हबपर्यंत गेलेला निघाला. ते म्हणाले, "काका, पैसे घेऊन वेल्डिंग मारून देईन. पण हे मशीन चालू असताना तुमचा पोरगा समोर उभा राहणार असेल, तर मी मारणार नाही." आम्ही सगळे गप्प झालो. नवा ड्रम घ्यायचे तिथेच ठरले.

एवढी भीती कशाची?

साधा हिशेब करू. ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला १,००० धरले, तर ड्रमची कड ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावते. त्यावर ५ किलोचे पाते बसवले, तर ते बाहेर फेकले जाण्याची ओढ सुमारे १,६७५ किलो, म्हणजे दीड टनावर होते. फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट. एका बाजूला वेल्डिंगचा नुसता १०० ग्रॅम गोळा राहिला, तरी बेअरिंगला दर फेऱ्यात ३३ किलोचा हिसका बसतो आणि असे हिसके मिनिटाला हजार. तडा वाढतो तो यानेच.

तडा कसा ओळखावा?

प्रथम इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, बॅटरीची तार सोडावी. बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि उघडल्यावर त्याला अडकण लावावी.

ड्रम घासून लख्ख करावा. खाचांचे कोपरे, बोल्टची भोके, वेल्डिंगच्या कडा, हब आणि चावीची खाच या जागा विशेष पाहाव्यात. बाजारात तपासणीचा लाल रंग मिळतो. तो लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे, पुसून पांढरा थर द्यावा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. गावात रॉकेल लावून, कोरडे पुसून वर खडूची पूड लावली तरी मोठा तडा ओलसर रेघ दाखवतो. पण बारीक तडा यात सुटू शकतो.

दुरुस्ती केव्हा?

पहिल्यांदा कंपनीचे पुस्तक पाहावे. त्यात ड्रमला वेल्डिंग करू नये असे असेल, तर विषय तिथेच संपला. बिडाचा ड्रम असेल तरीही वेल्डिंगच्या नादी लागू नये. पोलादी ड्रमला एकच छोटा तडा असेल, तो शाफ्ट-हबपासून दूर असेल आणि कंपनीची हरकत नसेल, तरच अनुभवी वेल्डरकडून पुढील क्रमाने काम करून घ्यावे.

१) तड्याच्या दोन्ही टोकांना, टोकाच्या किंचित पुढे, भोक पाडावे म्हणजे तडा पुढे सरकत नाही.
२) ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करून तडा मुळापासून काढावा व पुन्हा लाल रंगाने तपासावे. नुसता वरून पट्टा म्हणजे जखमेवर चिंधी.
३) कमी हायड्रोजनच्या कांड्या भट्टीत वाळवून वापराव्यात. जाड पोलाद आधी तापवावे.
४) अर्थिंगचा चिमटा ड्रमलाच लावावा. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होते.
५) छोटे छोटे टाके घालावेत, राखेत किंवा चुन्यात हळू थंड होऊ द्यावे, मग घासून सपाट करावे.
६) पुन्हा तपासणी व तोल. हे टाळायचे असेल तर वेल्डिंगच करू नये.

नवा ड्रम केव्हा?

तडा हबला किंवा शाफ्टला भिडला असेल, तडे एकाहून जास्त असतील, वेल्डिंग केलेली जागा पुन्हा फुटली असेल किंवा ड्रम वाकला असेल, तर नवाच घ्यावा. त्याबरोबर बेअरिंग व शाफ्ट तपासावेत, बोल्ट नवे घालून टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाने आवळावेत. पाती समोरासमोर सारख्या वजनाची बसवावीत. पहिल्यांदा लाकूड न घालता, बाजूला उभे राहून चालवावे. मग बंद करून बोल्ट पुन्हा पाहावेत.

तडा जाऊच नये म्हणून

बोथट पाते, ढिला बोल्ट, लाकडातला खिळा किंवा दगड आणि ठराविकपेक्षा जास्त फेरे, ही तड्याची चार कारणे. आपला साखर कारखाना गळीत हंगाम संपला की केन नाइफ आणि फायब्रायझर उघडून पाहतो, कारण हंगामात थांबलेली गिरणी महाग पडते. हाच धडा चिपरला लागू करावा.

आमच्या चौघा सभासदांना नव्या ड्रमचा खर्च जड गेला, भागीत वादही झाले. पण तोंडाशी लाकूड सारणारा गडी कुणाच्या तरी घरचा असतो. ड्रम पुन्हा विकत मिळतो, एवढे ध्यानात ठेवावे.