रुग्णाच्या उशाशी

सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. १८९७ साली पुणे परिसरात प्लेगची साथ असताना त्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचे जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाकडे येतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखविले ते १८९८ मध्ये! म्हणजे रोग कोणत्या वाटेने येतो हे ठाऊक नसतानाच त्या त्याच्याशी झुंजत होत्या.

शुश्रूषेला माया हवीच. पण तिला शास्त्राची जोडही हवी. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. तेथे पुढे परिचारिकांनाही शिक्षण मिळू लागले. या शिक्षणातील पहिले धडे कोणते असतात?

पहिला धडा हातांचा. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतरही हात स्वच्छ करायचे. नाहीतर एकाचे जंतू दुसऱ्याकडे पोहोचविणारे वाहन आपणच ठरतो.

दुसरा धडा कूस बदलण्याचा. एकाच बाजूवर पडून राहिल्यास त्वचेखालील बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही व जखमा होतात. म्हणून हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलतात.

तिसरा धडा मोजण्याचा. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडते. श्वास १२ ते २० वेळा चालतो. श्वास मोजतो आहोत हे कळले, की रुग्ण नकळत तो बदलतो. म्हणून परिचारिका नाडीवर बोटे तशीच ठेवून छातीची हालचाल मोजते!

चौथा धडा नोंदीचा. ९६ ठोके ही संख्या एकटी पाहिली तर चिंतेची वाटत नाही. पण सकाळी ७२, दुपारी ८४ आणि सायंकाळी ९६ अशी नोंद असेल, तर? चढती नाडी काही सांगत असते. पाळी बदलली, माणसे बदलली, तरी कागद ती गोष्ट विसरत नाही.

करून पाहा : मित्राची नाडी आधी बसलेली असताना आणि मग जिना चढून आल्यावर एक मिनिट मोजा. किती वेळाने ती पूर्ववत होते, तेही वहीत लिहा.