घरातील मारहाण : तिची कारणे आणि आपले कर्तव्य



घराच्या भिंतीवर तथागतांचे आणि परमपूज्य बाबासाहेबांचे छायाचित्र असते. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. आणि त्याच घरातून रात्री बाईच्या रडण्याचा आवाज येतो. शेजारी दार लावून घेतात आणि म्हणतात, "नवरा-बायकोचे भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडायचे?" या एका वाक्याने किती बायकांचे आयुष्य होरपळले असेल, याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

हा रोग एका जातीचा, एका धर्माचा किंवा एका देशाचा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरातील सुमारे 29 जणींनी पतीकडून हिंसा सोसलेली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 25 आहे. म्हणजे दर चार घरांमागे एक घर. मात्र इतरांच्या घरातही मारहाण होते म्हणून आपल्या घरातील मारहाण क्षम्य ठरत नाही. आपण समतेची प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. त्यामुळे हा प्रश्न इतरांपेक्षा आपल्याला अधिक टोचला पाहिजे.

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही, दुःखाचे कारणही सांगितले. कारण कळल्याशिवाय उपाय करता येत नाही. म्हणून या पाठात आपण प्रथम कारणांचा विचार करू या.

1. सामाजिक कारणे

जातिव्यवस्था ही जिन्यासारखी आहे. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याच्या लाथा खातो आणि खालच्याला लाथ मारून समाधान मानतो. बाबासाहेबांनी हिलाच श्रेणीबद्ध विषमता म्हटले. अगदी शेवटच्या पायरीवर ज्याला उभे केले, त्याच्या खाली कोण होते? त्याची बायको होती. गावाने त्याला विहिरीपासून दूर ठेवले, पण घरात मात्र त्याला मालक होण्याची मुभा दिली. धर्मांतराने आपण तो जिना नाकारला. परंतु घरातील शेवटची पायरी पुष्कळांनी अजून तशीच ठेवली आहे.

"मुलगी परक्याचे धन", "दिल्या घरी सुखी राहा", "बाईच्या जातीने सोसावे" ही वाक्ये मुलीच्या कानावर लहानपणापासून पडतात. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला आईबाप चार दिवस ठेवतात आणि समजूत घालून परत पोहोचवितात. त्याच सर्वेक्षणात काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे म्हणणारे पुरुष शंभरात 44 आणि स्त्रिया 45 आढळल्या. म्हणजे मारणाऱ्याचा हात एकट्याचा असला, तरी त्याच्या मागे समाजाची संमती उभी असते. सासूने सुनेला छळणे हेही याच संमतीचे फळ आहे. जिने स्वतः सोसले, ती पुढे दुसरीला सोसायला लावते.

आणखी एक नवे कारण आपल्यात शिरले आहे. मुलगा नोकरीला लागला की त्याचा भाव ठरतो. आपल्या आजोबा-पणजोबांना न परवडणारा हुंडा आज आपण मोठेपणाची खूण मानू लागलो आहोत. हुंडा घेण्यास आणि देण्यासही 1961 च्या कायद्याने बंदी आहे. पैसे मोजून आणलेल्या सुनेकडे माणूस म्हणून पाहिले जात नाही, आणि पैसे कमी पडले की छळ सुरू होतो.

2. आर्थिक कारणे

आपल्या रामटेक तालुक्याचेच उदाहरण घ्या. हा धानाचा मुलूख. रोवणीला आणि कापणीला हाताला काम असते, एरवी कामाचा भरवसा नसतो. मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, पण त्या सर्वांना सामावून घेऊ शकत नाहीत. पावसाने दगा दिला, उधारी वाढली, मुलांच्या फीचे पैसे नाहीत, की घरात तोंडातोंडी सुरू होते आणि ती हातावर येते.

रोवणीचे काम चिखलात दिवसभर वाकून बहुतेक बायाच करतात. परंतु तिच्या मजुरीचा पैसा शेवटी कोणाच्या हातात जातो? घर कोणाच्या नावावर आहे? शेताच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे? जिच्या नावावर काहीच नाही, तिला घर सोडून जायला जागा नसते. आणि तिला जागा नाही, हे मारणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

दारूचे वेगळे सांगायला हवे काय? ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात अशा शंभरातील सुमारे 70 स्त्रियांनी हिंसा सोसल्याचे या सर्वेक्षणात दिसते. पती दारू पीत नाही तेथे हे प्रमाण सुमारे 23 आहे. दारू मजुरी खाते आणि मग मजुरी मागणाऱ्या बाईला मार खावा लागतो. पण दुसरा आकडाही विसरू नका. न पिणाऱ्यांच्या घरीही 23 जणी आहेत. पगारदार, शिकलेल्या घरांतही हात उगारला जातो. म्हणून दारिद्र्य आणि दारू आगीत तेल ओततात हे खरे, पण आग केवळ त्यांनी लागत नाही.

3. मानसिक कारणे

पुष्कळजण म्हणतात, "रागाच्या भरात हात उठला, भान राहिले नाही." हे कारण तपासून पाहू. मुकादम चारचौघांत शिवी देतो, तेव्हाही राग येतोच. सावकार दारात येऊन अपमान करतो, तेव्हाही येतो. परंतु तेथे हात उठत नाही. तोच माणूस घरी येतो आणि भाजीत मीठ कमी पडले म्हणून बायकोला मारतो. भान नसते, तर ते सर्वांपुढेच सुटले असते. म्हणजे राग आवरता येतो. जिथे उलट फटका बसण्याची भीती नाही, तिथेच तो मोकळा सोडला जातो. बाहेर झालेल्या अपमानाची भरपाई घरात करून घेणे, हा पुरुषार्थ नव्हे, ही गुलामीच आहे.

संशय हेही एक मोठे कारण. बायको कमावू लागली, बैठकीला जाऊ लागली, की काहींना स्वतःचे स्थान डळमळल्यासारखे वाटते.

बाई का सोसते? मुलांसाठी, लाजेपायी आणि "उद्या सुधारेल" या आशेवर. हिंसा सोसलेल्यांपैकी शंभरातील केवळ 14 जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली.

आणि मुले? शिक्षक या नात्याने सांगतो. रात्री घरात मारहाण झाली की सकाळी वर्गात ते मूल ओळखू येते. ते पेंगते, दचकते किंवा मधल्या सुट्टीत आपल्याहून लहान मुलाला मारते. मुलगा मारायला शिकतो, मुलगी सोसायला शिकते. अशी ही परंपरा एका पिढीतून दुसरीत जाते.

4. धम्म आणि बाबासाहेब काय सांगतात

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत : तिचा सन्मान करणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्याकडे देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. त्याच सुत्तात दारूचे दुष्परिणाम सांगताना धननाशापाठोपाठ भांडणाचा उल्लेख येतो. मुलगी झाली म्हणून खिन्न झालेल्या पसेनदी राजाला, मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ ठरू शकते, असे तथागतांनी समजाविले.

बाबासाहेबांनी 1927 साली महाडला स्त्रियांपुढे बोलताना, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, असे सांगितले. 20 जुलै 1942 रोजी आपल्या नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत, स्त्रियांच्या प्रगतीवरून आपण समाजाची प्रगती मोजतो, असे ते म्हणाले. पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण आणि बरोबरीची साथीदार व्हावे, असाही उपदेश त्यांनी केला. या परिषदेने घटस्फोटाच्या हक्काची आणि बहुपत्नीत्वाच्या बंदीची मागणी केली. आपल्या आज्या-पणज्या हे 1942 साली मागत होत्या, हे ध्यानात ठेवा.

5. कायदा

1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याने दुसरी बायको करण्यास बंदी घातली आणि घटस्फोटाचा हक्क दिला. 1976 च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचे कारण ठरले. 1983 साली पती व सासरकडून होणारा छळ हा दंडनीय गुन्हा झाला. तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने केवळ मारच नव्हे, तर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैसा अडवून ठेवणे यांनाही हिंसा मानले. घर नवऱ्याच्या नावावर असले, तरी तेथे राहण्याचा हक्क पत्नीला दिला. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि स्त्रीला वकील मोफत मिळतो. मदतीसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक आई-बहिणीला पाठ असावेत.

6. आपण काय करावे

पुरुषांनी : राग आला की घराबाहेर पडावे, पण हात उगारू नये. मजुरी आणि पगार दोघांनी मिळून मोजावा. घर दोघांच्या नावावर करावे.

स्त्रियांनी : पहिल्याच माराच्या वेळी बोलावे, लपवू नये. सुनेचा कैवार सासूने घ्यावा.

आईबापांनी : मार खाऊन आलेल्या मुलीला परत ढकलू नये.

विहार समितीने : बायकोला मारणाऱ्याला पदाधिकारी करू नये, मग तो कितीही चांगले भाषण करीत असो. बाईला सोबत लागली तर दोघी-तिघींनी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे.

शेजाऱ्यांनी : दार लावून न घेता दार वाजवावे. एवढ्यानेही पुष्कळदा उगारलेला हात खाली येतो.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी प्रश्न

1. आपल्या घरातील पैशाचा निर्णय कोण घेते?

2. बाहेर आवरता येणारा राग घरात का आवरता येत नाही?

3. आपली मुले आपल्याकडे पाहून काय शिकत आहेत?

हे प्रश्न सर्वांनी एकत्र बसून वाचावेत. उत्तर प्रथम घरातील कर्त्या पुरुषाने द्यावे आणि ते खरे आहे की नाही, हे घरातील बाईने सांगावे.

जय भीम.