बिडी, यकृत आणि रिपोर्टातले आकडे

हिपॅटायटीस सी झालेल्या माणसाने बिडी ओढली की दाहाला दोन कारणं मिळतात. विषाणू यकृत पोखरतो आणि धूर अंगभर सूज धरून ठेवतो. विषाणू बहुतेकांच्या अंगातून बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. बिडी मात्र ज्याची त्यानेच सोडायची असते.

काय करावे

- दिवसाला किती बिड्या, हे डॉक्टरांना खरं सांगा. सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) किंवा पांढऱ्या पेशी धुरानेही वाढतात; ते माहीत नसेल तर रिपोर्ट वाचणार कसा? बायको शेजारी बसली की आकडा निम्मा होतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं.
- एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेटचे जुने कागद जपून ठेवा. हे तीन आकडे आणि वय, एवढ्यावरून यकृत किती कडक झालंय याचा अंदाज बांधता येतो.
- औषध आधी सुरू करा, "बिडी सुटली की बघू" नको. २०१८ पासून हिपॅटायटीसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे. बुलढाणा जिल्ह्यात असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.
- गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड तपासा. अँटीबॉडी पुढेही पॉझिटिव्हच येते, तिला घाबरू नका.
- सिरोसिस असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. यकृताच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानही आहे.
- बिडी सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत.

काय टाळावे

- "सीआरपी नॉर्मल आला" म्हणून निर्धास्त होणं. सीआरपी यकृतातच तयार होतो. फार खराब झालेलं यकृत तो पुरेसा बनवत नाही.
- हिमोग्लोबिन १७ बघून "रक्त भरपूर आहे" म्हणणं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते, ती भरून काढायला शरीर हिमोग्लोबिन वाढवतं.
- बिडी सोडून खर्रा धरणं. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के, तर बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले. आपल्याकडे खरी अडचण हीच आहे.
- छातीत जळजळलं की मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणणं. हिपॅटायटीस सीच्या गोळ्यांतलं वेलपाटासवीर चालू असेल तर ते नीट शोषलंच जात नाही. आधी विचारा.
- कावीळ उतरवणाऱ्याकडे जाणं. या आजारात वर्षानुवर्षं डोळे पिवळे होत नाहीत, तो उतरवणार काय?
- रुग्णाचं ताट वेगळं काढणं. हा आजार रक्तातून पसरतो. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, वस्तरा, सुई. यात्रेत दुसऱ्याला टोचलेल्या सुईने गोंदवून घेऊ नका. डायलिसिसमध्येही रक्ताचा संबंध येतो; म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात जे डायलिसिसवर आहेत, त्यांनी दर सहा महिन्यांनी हिपॅटायटीस सीची तपासणी मागून घ्यावी.