थायलंडचा फुटसाल संघ : एक अभ्यास

भाताची कापणी आटोपली की आपल्या गोव्यातील मोकळ्या शेतांत मुलांचा फुटबॉल सुरू होतो, आणि पाऊस कोसळू लागला की तोच खेळ कोठेतरी आडोशाला, चार-पाच गड्यांवर, चपलांचे गोल मांडून चालू राहतो. या आडोशाच्या खेळाला नियमांची शिस्त लावली म्हणजे जे रूप तयार होईल, ते फुटसालच्या फार जवळचे होय. १९३० साली उरुग्वे देशातील माँटेव्हिडिओ शहरी हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने ती शिस्त प्रथम लावली. नावातील 'साल' हा भाग म्हणजे दालन. आपल्याकडील जुन्या घरांतील 'साल' ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो समजावून सांगावयास नको.

प्रत्येक बाजूस पाच खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक. क्रीडांगण सुमारे ४० मीटर लांब व २० मीटर रुंद. चेंडू नेहमीच्या फुटबॉलहून लहान, आणि उसळी कमी घेणारा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, परंतु खेळ थांबला की घड्याळही थांबते. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. एका डावात संघाचा सहावा नियमभंग झाला की प्रतिपक्षास मधली भिंत नसलेला फटका मिळतो. मागे पडलेला संघ पुष्कळदा गोलरक्षकालाच पुढे आणून पाचवा आक्रमक करतो. पण चेंडू हातचा गेला की मागे गोल उघडाच! या खेळात गोलांची संख्या एवढी का वाढते, याचे उत्तर बरेचसे येथे सापडेल.

आता थायलंडकडे वळू. आग्नेय आशियाच्या फुटसाल स्पर्धेस २००१ साली प्रारंभ झाला. २०२२ पर्यंत ती सतरा वेळा भरली आणि त्यांपैकी सोळा वेळा विजेतेपद थायलंडने मिळविले. उरलेले एक, २०१० सालचे, इंडोनेशियाला लाभले. एखाद्या विभागावर एकाच देशाचे असे वर्चस्व क्वचितच आढळते. तथापि केवळ ही संख्या पाहून संघाचे मोल ठरविणे मला मान्य नाही. शेजाऱ्यांच्या अंगणातील विजय वेगळा आणि खंडाच्या मैदानावरील विजय वेगळा.

आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात थायलंड २०२४ पर्यंत तीनदा पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. २००८ साली बँकॉकमध्ये, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, इराणने त्यास ४-० असे नमविले. २०१२ साली दुबईत जपानने ६-१ असा पराभव केला. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बँकॉक, पुन्हा इराण, आणि निकाल ४-१. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. २०१२ साली जपानचे प्रशिक्षक असलेले स्पेनचे मिगेल रोड्रिगो हेच २०२४ साली थायलंडचे प्रशिक्षक होते. चषक मात्र त्यांच्यासमवेत आला नाही. आणखी विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, चोनबुरी ब्लूवेव्ह या थायलंडच्याच क्लबने २०१३ व २०१७ साली आशियाई क्लब स्पर्धा जिंकली होती. क्लबला जे साधले ते राष्ट्रीय संघास साधले नाही.

विश्वचषकात थायलंडने २००० साली ग्वाटेमालात पदार्पण केले आणि तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या एकाही विश्वचषकास तो मुकला नाही. २०१२ सालचा विश्वचषक तर थायलंडमध्येच भरला. त्यासाठी बँकॉकमध्ये एक भव्य नवे क्रीडागृह बांधावयास घेतले, परंतु ते वेळेवर पुरे होईना. स्पर्धा चालू असतानाच जागतिक संघटनेने तेथे एकही सामना होणार नाही असे जाहीर केले आणि सामने दुसऱ्या क्रीडागृहांत हलवावे लागले. यजमानांस ही गोष्ट किती लागली असेल याची कल्पना करा. संघाने मात्र आपले काम केले. कोस्टा रिकावर ३-१ असा विजय मिळवून, बाकीचे दोन गटसामने हरूनही, तो प्रथमच शेवटच्या सोळा संघांत गेला. तेथे स्पेनने ७-१ असा धुव्वा उडविला.

हा उंबरठा पुढेही ओलांडता आला नाही. २०१६ साली कोलंबियात अझरबैजानविरुद्धचा सामना जादा वेळेपर्यंत ताणला गेला आणि १३-८ असा हातचा निसटला; एका सामन्यात आठ गोल करूनही हरणे म्हणजे काय, ते त्या खेळाडूंनाच ठाऊक! २०२१ साली लिथुआनियात कझाकस्तानकडून ७-०, तर २०२४ साली उझबेकिस्तानात फ्रान्सकडून ५-२. चार विश्वचषक आणि चारही वेळा त्याच पायरीवर परतणे. माझ्या मते याचा अर्थ दुबळेपणा असा नव्हे. गटातून पार होण्याइतकी तयारी प्रत्येक वेळी होती. उणीव भासली ती युरोपीय संघांशी टक्कर देताना, बाद फेरीतील त्या एका सामन्यात. वर्षानुवर्षे शेजाऱ्यांना सहज हरविणाऱ्या संघास बरोबरीची झुंज घरी कोठून मिळणार, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ती झुंज पुढे घरीच आली. २०२४ च्या नोव्हेंबरात आग्नेय आशियाची स्पर्धा थायलंडमधील नाखोन रात्चासिमा येथे भरली. बारा वर्षांपूर्वी विश्वचषकाचे काही सामने याच शहरात झाले होते. या वेळी अंतिम सामना इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांच्यात झाला, इंडोनेशियाने तो २-० असा जिंकला, आणि सोळा वेळचे विजेते त्या सामन्यात नव्हते.