घरचा फायरवॉल: आत एक नेटवर्क, बाहेर दुसरं

घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्याचा चांगला फायरवॉल होतो. त्याला नेटवर्कचे दोन पोर्ट मात्र हवेत. दुसरं कार्ड विकत घेणार असाल तर इंटेल चिपचं घ्या. इथे वापरलेलं फायरवॉलचं सॉफ्टवेअर ओपीएनसेन्स चालतं फ्रीबीएसडीवर, आणि रिअलटेकच्या कार्डांशी त्याचं फारसं पटत नाही. ओपीएनसेन्स डिस्कवर टाकून झालं आहे, असं इथे धरलं आहे.

केबल जोडण्याआधी इंटरनेट कंपनीच्या राउटरचा पत्ता बघून घ्या. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. ओपीएनसेन्सही लॅनला मुळात हाच पत्ता देतं, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पोर्टचे दिवे लुकलुकतात, केबल जागच्या जागी असतात, पण नेट चालत नाही. कारण फायरवॉलला बाहेर जायची वाट म्हणून जो पत्ता मिळतो, तो त्याचा स्वतःचाच असतो. आतलं आणि बाहेरचं नेटवर्क वेगळं असेल तरच राउटिंगला अर्थ आहे. म्हणून आतल्या बाजूला १९२.१६८.२०.१ देऊ.

मॉनिटर-कीबोर्ड लावून रूट म्हणून लॉगिन करा. मेनूतला १ हा पर्याय कोणता पोर्ट वॅन आणि कोणता लॅन हे विचारतो. पोर्टची नावं ओळखू येत नसतील तर दोन्ही केबल काढा, ‘ए’ दाबा आणि सांगितल्यावर हवी ती केबल लावा. पोर्ट तो स्वतः शोधतो. वॅनची केबल कंपनीच्या राउटरच्या लॅन पोर्टात जाते.

मग पर्याय २ घेऊन लॅन निवडा. डीएचसीपीने पत्ता घ्यायचा का, याला नाही म्हणा. पत्ता १९२.१६८.२०.१, सबनेट २४. पुढे गेटवे विचारला जाईल, तिथे काहीही न लिहिता एंटर दाबा. रकाना रिकामा दिसला की भरावासा वाटतो, पण बाहेरची वाट वॅनकडून येते. लॅनला गेटवे दिलात तर पॅकेट भलतीकडे जाऊ लागतील. घरातल्या उपकरणांसाठी डीएचसीपी चालू करा, १९२.१६८.२०.१०० ते २०० पुरे.

आता लॅनच्या बाजूच्या लॅपटॉपवरून पिंग करा: आधी १९२.१६८.२०.१, मग १९२.१६८.१.१, मग ८.८.८.८, शेवटी एखादं संकेतस्थळ नावाने. क्रम सोडू नका. पहिला अडला तर केबल किंवा लॅनचा पत्ता पाहा, दुसरा अडला तर वॅन, तिसरा अडला तर डीफॉल्ट रूट किंवा कंपनीची लाइन. फक्त चौथाच अडला तर राउटिंग ठीक आहे, डीएनएस बघा.

वायफायसाठी जुना राउटर वापरायचा असेल तर त्याला १९२.१६८.२०.२ द्या, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. एवढ्याने भागतं.

त्या राउटरमागे १९२.१६८.३० असं वेगळं नेटवर्क आणि नॅट बंद ठेवायचं असेल, तरच स्टॅटिक रूट लागतो. तेव्हा केबल त्याच्या वॅन पोर्टात जाते आणि १९२.१६८.२०.२ हा पत्ताही त्या पोर्टलाच द्यायचा. मग ब्राउझरमध्ये सिस्टिम, गेटवेज इथे हा पत्ता गेटवे म्हणून नोंदवा आणि सिस्टिम, रूट्स इथे १९२.१६८.३०.०/२४ त्याच्याकडे वळवा. शिवाय फायरवॉल, रूल्स, लॅन इथे या नेटवर्कला परवानगी देणारा नियम जोडा. मुळातला नियम फक्त लॅनच्या पत्त्यांनाच सोडतो.